टोपीकर आणि साहेब

माझ्या आजीचे माहेर देवगड तालुक्यातले, विजयदुर्गाच्या अंगाला. शाळेची पायरी ती कधी चढली नव्हती. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही नातवंडे आजोळी जमायचो. माळ्यावर कुणाची तरी जुनी, कडा झिजलेली हॅट पडलेली असे. ती डोक्यावर चढवून मी अंगणात आलो की आजी हातातले काम थांबवून हसायची आणि म्हणायची, "इलो माझो टोपकर!" मला वाटे, हा तिने माझ्यासाठीच केलेला शब्द आहे.

पुढे पंचवीस-तीस वर्षांनी हाच शब्द मला छापील पुस्तकात भेटला. मी शिक्षणाने इतिहासाचा नव्हे. दिवसा कचेरीतली नोकरी आणि संध्याकाळी मोडीचा वर्ग असा माझा या विषयातला प्रवेश. सरावासाठी जुने गद्य वाचत होतो आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त टोपीकर समोर आले. आजीचा टोपकर तो हाच, हे कळायला वेळ लागला नाही. मात्र या शब्दात काय काय साठवले आहे आणि तो बोलण्यातून गेला तेव्हा त्याच्याबरोबर आणखी काय गेले, हे समजायला बरीच वर्षे लागली. त्याचा हा हिशेब.

शब्दाची घडण साधी आहे. गळ्यात माळ तो माळकरी, हाती टाळ तो टाळकरी, डोक्यावर टोपी तो टोपीकर. टोपकर, टोपीकर, टोपीवाला अशी या कुळातली रूपे. गंमत अशी की मराठी माणूस गावाला 'कर' जोडून माणसाची ओळख सांगतो. पुण्याचा तो पुणेकर, चिपळूणचा तो चिपळूणकर. समुद्रावरून आलेल्या या माणसांचे गाव कुणी पाहिले नव्हते. तेव्हा त्यांच्या डोक्यावर जे दिसले त्यालाच 'कर' जोडून आपल्या लोकांनी त्यांची सोय लावली.

या टोपीचे चित्र मनात आणताना आपली एक चूक होते. सिनेमात आणि शाळेच्या नाटकात इंग्रज म्हटला की पांढरी, टणक, भेंडाची टोपी ठरलेली. ती सोला हॅट फार उशिराची, एकोणिसाव्या शतकातली. टोपीकर हा शब्द रुळला तेव्हा कोकण किनाऱ्यावर दिसणारी टोपी होती सतराव्या शतकातली रुंद काठाची नमद्याची, आणि मग अठराव्या शतकातली, तीन बाजूंनी काठ दुमडलेली तिकोनी. इथल्या लोकांना टोप परका नव्हता. लढाईतला शिरटोप होता, जिरेटोप होता, बाळाचे टोपडे होते. तरीही ही टोपी नजरेत भरली, आणि त्याचे कारण नुसता तिचा आकार नव्हे. आपल्याकडे मान द्यायचा तर पायातले काढायचे आणि डोक्यावरचे ठेवायचे. उघडे डोके सुतकाचे किंवा अपमानाचे. पगडी उतरणे म्हणजे अब्रू जाणे. हे परके लोक नेमके उलटे वागत. मान देताना डोक्यावरचे काढत आणि पायातले बूट तसेच ठेवत. ज्या वस्तूभोवती सगळा मानापमान गुंडाळलेला, तिच्याच बाबतीत यांची रीत अशी विपरीत, तेव्हा नाव टोपीवरून पडले यात नवल नाही.

मराठीत या लोकांना त्याआधीपासून एक नाव होते, फिरंगी. ते आपण घडवलेले नव्हे. युरोपातल्या फ्रँक लोकांचे नाव अरबी-फारसीतून 'फरंग' होऊन आपल्याकडे आले. त्या नावाने आयात पात्याच्या तलवारीला फिरंग म्हटले गेले आणि सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या 'भावप्रकाशा'त एका नव्या रोगाला फिरंगरोग हे नाव मिळाले. मराठीत मात्र फिरंगी म्हणजे प्रामुख्याने पोर्तुगीज, कारण आपल्या शेजाराला गोवा, चौल आणि वसई धरून बसलेले तेच होते. मागून आलेल्यांची नावे आपल्याला कळली तीही पोर्तुगीजांच्या तोंडून. इंग्लिश माणसाला पोर्तुगीज जे म्हणत त्याचे आपल्याकडे इंग्रज झाले. हॉलंडचे ते वलंदेज, फ्रान्सचे ते फरांसीस, डेन्मार्कचे ते डिंगमार. इंग्रज हा आज आपल्याला अगदी घरचा वाटणारा शब्दही असा एका परक्याने दुसऱ्या परक्याची करून दिलेली ओळख आहे.

या गर्दीत टोपीकर हा शब्द वेगळा उठून दिसतो. तो आपला, इथल्या डोळ्यांनी पाहून केलेला. दुसरे म्हणजे तो एका देशाचा नाही. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसीस, डिंगमार हे सारे वेगवेगळे आणि एकमेकांच्या जिवावर उठलेले. पण किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला ते एकाच जातीचे दिसले. अठरापगड जातींच्या या मुलखाने त्या सगळ्यांना एका टोपीखाली घेतले. 'अठरा टोपीकर' असा जोडशब्दही जुन्या मराठीत भेटतो. तिथे अठरा म्हणजे मोजून अठरा नव्हे, तर सगळे मिळून.

*

ही एक टोपी किती विचारपूर्वक घातलेली होती, ते आज्ञापत्रात दिसते. हा ग्रंथ इ. स. १७१५-१६ च्या सुमाराचा मानला जातो. रामचंद्रपंत शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी अमात्यपदावर होते. पुढे जिंजीच्या काळात महाराष्ट्राचा कारभार त्यांनी सांभाळला. राज्य कसे चालवावे हे नव्या पिढीला सांगताना त्यांनी सावकारांचे, म्हणजे व्यापाऱ्यांचे प्रकरण घातले आणि त्यातच टोपीकरांचा विषय घेतला. तो कुठे घेतला हे महत्त्वाचे आहे. शत्रूंच्या यादीत नव्हे, व्यापाऱ्यांच्या यादीत.

त्यांचे म्हणणे माझ्या शब्दांत असे. व्यापारी ही राज्याची शोभा. त्याला आश्रय द्यावा, त्याचा मान राखावा. टोपीकरही व्यापार करतात, पण ते इतर व्यापाऱ्यांसारखे नव्हेत. यांच्यातल्या प्रत्येकाच्या मागे त्याचा राजा आहे आणि त्याच्या हुकमाने हे इकडे येतात. ज्याच्या पाठीशी राजा आहे त्याला मुलखाचा लोभ सुटणारच. हाती आलेली जागा ते जिवावर बेतले तरी सोडत नाहीत. त्यांचे बळ आरमारात आणि तोफा-दारूगोळ्यात. म्हणून त्यांचे येणे-जाणे व्यापारापुरते ठेवावे. जंजिऱ्यांशी त्यांचा संबंध येऊ देऊ नये. वखारीला जागा द्यावीच लागली तर समुद्रकिनारी किंवा खाडीच्या मुखाशी देऊ नये. आत, एखाद्या शहराच्या शेजारी, सखल जागी द्यावी, आणि पक्क्या इमारती बांधू देऊ नयेत.

रामचंद्रपंतांनी हे तर्काने काढले नव्हते. १६६० साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि दारूगोळा घेऊन वेढ्यात सामील झाला होता. वखारीत बसून मिरी आणि कापड खरेदी करणारा माणूस आपले निशाण लावून किल्ल्यावर गोळे टाकताना दिसला. महाराजांनी १६६१ मध्ये राजापूर मारले आणि रेव्हिंग्टनसह तिथल्या इंग्रजांना कैदेत टाकले. पुढे १६७४ साली हेन्री ऑक्सिंडेन राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आला, त्याच्या बोलण्यातही राजापूरच्या नुकसानभरपाईचा विषय होताच. शेणव्यांचा नारायण त्याचा दुभाषा होता. व्यापारी, निशाण, तोफ आणि भरपाईची मागणी या चार गोष्टी एकाच माणसाकडे असतात, हे मराठी राज्याने अशा रीतीने जवळून पाहिले होते.

त्याच सुमारास लंडनमध्ये काय चालले होते, ते पाहिले की रामचंद्रपंतांचे निदान किती अचूक होते हे कळते. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली ती ३१ डिसेंबर १६०० रोजी. १६६१ साली, म्हणजे राजापूर मारले गेले त्याच वर्षी, दुसऱ्या चार्ल्स राजाने नव्या सनदेने कंपनीला ख्रिस्ती नसलेल्या राजांशी युद्ध आणि तह करण्याचा अधिकार दिला. त्याच वर्षी लग्नाच्या करारात मुंबई त्याला मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीच्या हवाली केली. डच कंपनीलाही असेच अधिकार होते. व्यापाऱ्याच्या अंगावर राजाचा अंगरखा चढवण्याची ही नवी युरोपीय व्यवस्था. ती ओळखायला आपल्याकडे शब्द नव्हता. सावकार म्हणावे तर तो तोफा ठेवतो, राजा म्हणावे तर तो मिरी तोलतो. त्या तिसऱ्या प्रकाराला मराठीने टोपीकर हे नाव दिले. माझ्या मते हा पोशाखावरून पडलेला पण राज्यकारभारात पारिभाषिक झालेला शब्द आहे.

इथे मला एक तक्रार नोंदवायची आहे. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमासाठी काढलेली आज्ञापत्राच्या सोप्या मराठीतली पुस्तिका हाती आली. तिच्यात टोपीकर जिथे जिथे होते, तिथे तिथे सरळ 'इंग्रज' असे छापले होते. हेतू चांगला होता, मुलांना कळावे हा. पण या एका बदलाने मजकुराचा अर्थच फिरतो. रामचंद्रपंत एका विशिष्ट धंद्याच्या रचनेचे वर्णन करत होते, ती रचना ज्याची ज्याची असेल त्या सगळ्यांबद्दल बोलत होते. पुस्तिकेतले रामचंद्रपंत मात्र शंभर वर्षे आधी इंग्रजी राज्याचे भविष्य सांगणारे द्रष्टे होतात. व्याख्यानात टाळ्या पडतात त्या या द्रष्टेपणाला. भविष्य म्हटले की ते खरे होणारच होते, कुणी काय करणार, असे म्हणून आपण मोकळे होतो. रामचंद्रपंतांनी भविष्य सांगितले नाही. वखारीला जागा कुठे द्यायची आणि इमारत किती पक्की बांधू द्यायची, हे सांगितले. ते पाळता येण्याजोगे होते, आणि म्हणूनच ते का पाळले गेले नाही, असा प्रश्न उरतो. शब्द बदलला की तो प्रश्नच नाहीसा होतो.

*

आजीच्या माहेरच्या विजयदुर्गापाशी या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशव्यांचे सैन्य जमिनीवरून आणि वॉटसन व क्लाइव्ह यांचे आरमार समुद्रातून विजयदुर्गावर आले. आंग्र्यांची जहाजे जळाली, किल्ला पडला आणि तो इंग्रजांनी आपल्या ताब्यात घेतला. तो सोडवून घ्यायला पेशव्यांना ऑक्टोबरपर्यंत वाट पाहावी लागली. त्या महिन्यात झालेल्या तहाने विजयदुर्ग परत मिळाला आणि त्याच्या बदल्यात बाणकोट इंग्रजांकडे कायम झाले. बाणकोट म्हणजे सावित्री नदीच्या मुखावरचा किल्ला. इंग्रजांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले होते. खाडीच्या मुखाशी जागा नको, जंजिऱ्यांशी संबंध नको, हाती आलेली जागा ते सोडत नाहीत. आज्ञापत्रातली तिन्ही कलमे चाळीस वर्षांच्या आत एकाच प्रकरणात बाजूला पडली. आणि ज्या आरमाराच्या जोरावर ती पाळता आली असती, ते त्या दिवशी जळत होते.

त्याच तहात आणखी एक कलम होते. मराठ्यांनी आपल्या मुलखात वलंदेजांना व्यापार करू देऊ नये, असे ते कलम. मला ते बाणकोटाइतकेच महत्त्वाचे वाटते. टोपीकर या शब्दाने ज्यांना एका रांगेत उभे केले होते, त्यातल्या एकाने आपल्या हातून दुसऱ्याला रांगेबाहेर काढायला सुरुवात केली. १७७७ साली सेंट ल्युबिन हा फ्रेंच पुण्यात आला आणि नाना फडणिसांनी त्याचा सत्कार केला, तेव्हा इंग्रजांचा वकील मॉस्टिन किती अस्वस्थ झाला होता, ते प्रसिद्धच आहे. टोपीकरांना टोपीकरांविरुद्ध वापरता येते, हे नानांना पक्के ठाऊक होते. वडगावला जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांना शरण यावे लागले आणि नंतर नानांनी हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांची मोट बांधली. पण १७८२ च्या सालबाईच्या तहात पोर्तुगीज वगळता इतर युरोपीयांना मराठी मुलखात वखारी घालू न देण्याचे कलम आले. १८०२ च्या वसईच्या तहाने तर दुसऱ्या बाजीरावाचे हात पुरते बांधले. टोपीकरांचे अनेकवचन असे तहातहाने संपत आले.

१८०८ साली मुंबईत रॉबर्ट ड्रमंड याने गुजराती आणि मराठी शब्दांवर एक पुस्तक छापले. गुजरातेत आणि मराठी मुलखात युरोपीयांना टोपीवाले आणि एतद्देशीयांना पगडीवाले म्हणतात, अशी त्यातली नोंद पुढे 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशाने उचलली. टोपीवाले आणि पगडीवाले ही जोडी मला फार बोलकी वाटते. दोन्ही बाजू डोक्यावरच्या वस्त्रावरून मोजलेल्या. कुणी वर नाही, कुणी खाली नाही. पण बाजारात खरी असलेली ही जोडी राजकारणात मात्र लंगडी होती. टोपीवाल्यांच्या मागे एकेक राजा आणि एकेक कंपनी होती. पगडीवाल्यांच्या मागे तसे काही नव्हते. ज्या नानांनी १७७९-८० मध्ये मोट बांधली, त्यांनाच १७९० मध्ये टिपूविरुद्ध इंग्रजांशी तह करावा लागला. पगडीवाला हे नाव इतरांनी पाहून दिलेले. आपण सगळे एका पगडीखाली आहोत असे त्यातल्या कुणाला वाटले नाही.

*

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. पुढच्या जूनमध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. त्यानंतरच्या एक-दोन पिढ्यांत टोपीकर हा शब्द कारभारातून गेला. तो कुणी बंद केला नाही. त्याचे काम संपले. ज्याला वखारीला जागा द्यायची की नाही हे आपण ठरवत होतो, त्याच्या दारात आता जमिनीच्या कज्जाचा अर्ज घेऊन उभे राहायचे होते. अर्जाच्या मायन्यात टोपीकर कसे लिहिणार? तिथे लागणारा शब्द मराठीत तयार होता, तो म्हणजे साहेब.

साहेब हा शब्द मुळात अरबी. तिथे त्याचा अर्थ सोबती आणि धनी असा दोन्ही. मराठीत तो धनी या अर्थाने आला आणि आपल्याच माणसांसाठी रुळला. शिवकालीन पत्रांत खुद्द महाराजांसाठी साहेब येतो. नात्यात तो आईसाहेब झाला, आबासाहेब झाला, पेशव्यांच्या घरात नानासाहेब झाला. म्हणजे तो कुणाचाही होता. १८१८ नंतर हे बदलले. मागे नाव किंवा नाते जोडले तर तो आपला राहिला, दादासाहेब, काकासाहेब, भाऊसाहेब. नुसता, सुटा साहेब म्हटले की तो इंग्रज. साहेब आला, साहेब गेला, साहेबाचा बंगला, साहेबी थाट. या नुसत्या शब्दावरचा आपला हक्क गेला तो असा, कुठल्याही तहाशिवाय. पुढे तर सरकारने रावसाहेब ही पदवी करून ती सनदेने वाटायला सुरुवात केली. आपल्याच घरातला शब्द सरकारी शिक्का मारून आपल्याला बक्षीस मिळू लागला, आणि ज्यांना मिळाला त्यांनी तो दारावरच्या पाटीवर लावला.

सगळे इंग्रज साहेब होते असेही नाही. लष्करातल्या साध्या शिपायाला कुणी साहेब म्हटले नाही. तो गोरा, किंवा गोरा सोजीर. १८५७ च्या धामधुमीत सापडलेले वरसईचे विष्णुभट गोडसे पुढे 'माझा प्रवास' लिहितात, तेव्हा झाशी लुटणारे त्यांच्या लेखी गोरे असतात. ज्याच्यापासून जीव वाचवायचा तो गोरा आणि ज्याच्याकडे अर्ज करायचा तो साहेब, अशी ही वाटणी. टोपीकर म्हणणाऱ्याने अंगावरचे कापड पाहिले होते. गोरा म्हणणाऱ्याने कातडी पाहिली. साहेब म्हणणाऱ्याने मान खाली घातली होती.

ती न घालणारा एक माणूस होता, आणि तो पेशवाईच्या आठवणीने हळहळणाऱ्यांपैकी नव्हता. जोतीराव फुले १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांना 'गोरे कामगार' म्हणतात. कामगार म्हणजे तेव्हाच्या भाषेत सरकारी कामावरचा माणूस, कारभारी, अंमलदार. हाच शब्द ते ब्राह्मण अधिकाऱ्यांनाही लावतात. इंग्रजी राज्याचे शूद्रातिशूद्रांवर झालेले उपकार ते मानतात, पण म्हणून त्या अधिकाऱ्याला ते धनी करत नाहीत. तो कामावर ठेवलेला माणूस आहे, त्याचे काम शेतकऱ्याची स्थिती पाहण्याचे आहे आणि ते तो करत नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. पुढे 'केसरी'च्या काळात रूढ झालेला नोकरशाही हा शब्दही याच वाटेने जातो. साहेबाला पुन्हा नोकर म्हणायचे, मग त्याच्या कामाचा जाब विचारायचा. आज्ञापत्राच्या त्या पानानंतर मराठीत इंग्रजांना असे समोर उभे करून तपासणारे शब्द मला इथे पुन्हा भेटले.

टोपीचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरांतून पगडी मागे पडू लागली आणि तिच्या जागी सुटसुटीत टोप्या आल्या. टोप्यांच्या व्यापारावर वालावलच्या देसाई घराण्याने मुंबईत नाव आणि पैसा कमावला; त्यांचे टोपीवाला हे आडनाव मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आणि मालवणच्या शाळेला लाभले. म्हणजे विजयदुर्गापासून जवळच, त्याच किनाऱ्यावर, शंभर वर्षांत टोपीवाला या शब्दाचा अर्थ उलटून पार आपला झाला. १९२० नंतर पांढरी गांधी टोपी आली आणि सरकारी कचेऱ्यांतून तिला हरकत घेतल्याची प्रकरणे घडू लागली. आता टोपी घालणारे आपण होतो आणि त्या टोपीकडे संशयाने पाहणारा साहेब होता.

१९४७ मध्ये साहेब गेला, शब्द राहिला. नुसता, सुटा साहेब पुन्हा आपल्याकडे आला खरा, पण तो शिवकाळातला घरचा शब्द होऊन परतला नाही. सव्वाशे वर्षांत त्याला जो वास लागला होता तो घेऊनच आला. आज तालुक्याच्या कुठल्याही कचेरीत जा. खुर्चीत बसलेला माणूस साहेब असतो आणि टेबलाच्या अलीकडे उभा असलेला माणूस, मग तो वयाने कितीही मोठा असो, तो शब्द उच्चारताना अंग जरासे चोरतो. त्याच्या हातात कागद असतो.

तीन वर्षांपूर्वी माझी बढती झाली. दुसऱ्या दिवशी, बावीस वर्षे मला अरे-तुरे करणारा सहकारी टेबलाशी फाईल घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, तेवढी सही." मला कसेसेच झाले. म्हटले, "अरे, तू तरी असं नको म्हणू." तो फाईल पुढे सरकवत हसला. "तुला कोण म्हणतंय? खुर्चीला म्हणतो."

मी सही केली. मागच्या मे महिन्यात आजोळी गेलो होतो, तेव्हा माळा उतरवून पाहिला. हॅट सापडली नाही. घर दुरुस्त करताना जुने सामान टाकून दिले, असे मामेभाऊ म्हणाला. अंगणात त्याचा नातू उन्हात खेळत होता, डोक्यावर क्रिकेटची निळी टोपी, तोंड सावलीत. मी त्याला टोपकर म्हणून हाक मारली. त्याने मागे वळून पाहिले आणि विचारले, "म्हणजे कोण?" त्याला बाजूला बसवले आणि आजीपासून सुरुवात केली.